कापूस, जवस, ताग: जुनी वनस्पतिचित्रं ओळखायची कशी, जपायची कशी

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या बाजारातून चार वनस्पतिचित्रं घेतली आहेत. एकाखाली ‘गॉसिपियम हर्बेशियम’, दुसऱ्याखाली ‘लायनम’, तिसऱ्याखाली ‘क्रोटालेरिया जुन्सिया’ लिहिलंय, पण विकणारा त्याला ज्यूट म्हणत होता. चौथं भांगेचं आहे. चित्रं खरंच जुनी आहेत का, नावं बरोबर आहेत का, आणि कोकणातल्या घरात भिंतीवर लावली तर टिकतील का?

उत्तराआधी एक सवय लावून घ्या. चित्राखालचं नाव सगळ्यात शेवटी वाचा. अशा छापचित्रात सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट म्हणजे ते नाव. ते चित्रकाराने नाही, तर बऱ्याचदा अक्षरं कोरणाऱ्या वेगळ्याच कारागिराने घातलेलं असतं. शिवाय दोनशे वर्षांत वनस्पतिशास्त्राने ते दोन-तीनदा बदललेलं असतं. आधी छपाई बघा, मग कागद, मग झाड, आणि मग नाव.

छपाईसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सोनार वापरतात ते चालतं. चित्र खिडकीजवळ सपाट ठेवा आणि पानाच्या हिरव्या भागावर भिंग टेकवा. ठरावीक अंतरावरचे निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या चक्रात दिसले, तर तो विसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा ऑफसेट छापा आहे. मूळ चित्र कितीही जुनं असलं तरी तुमच्या हातातली प्रत जुनी नाही. ठिपके आहेत, पण वेडेवाकडे, लहानमोठे, खडूने टिंबं दिल्यासारखे, आणि एका रंगावर दुसरा रंग चढलेला आहे, अशा वेळी ती रंगीत शिळाछाप असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. चांगल्या चित्राला दहाच्या वर दगड लागत. त्यातला एखादा केसभर सरकला की पाकळीच्या कडेला रंगाची बारीक किनार उरते. ती दिसली तर खूश व्हा, तो दोष नकली छाप्यात सहसा येत नाही. बाजारात सगळ्यात जास्त फिरणारी चित्रं याच जातीची आहेत. जर्मनीतल्या गेरा गावातून १८८०च्या दशकात निघालेली कोलरची औषधी वनस्पतींची मालिका आणि १८८५ ची ओटो विल्हेल्म टोमे यांची जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडची वनस्पतिमाला ही त्यांतली ठळक नावं. कोलरच्या मालिकेत जवस, भांग आणि कापूस तिन्ही आहेत, त्यामुळे तुमच्या चारपैकी तीन तिथलीच निघाली तर नवल वाटू नये.

तिसरा प्रकार ताम्रपटाचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्राचा. यात रंगाच्या खाली कोरीव रेघा असतात. मधे जाड, टोकाला निमुळत्या, आणि बोट हलकेच फिरवलं तर शाई किंचित वर आलेली जाणवते. चित्राभोवती आयताकृती दबलेली कड असते, तांब्याचा पत्रा दाबाखाली कागदात रुतल्याची ती खूण. रंग हाताने भरलेला असेल तर तो रेघेबाहेर जातो, कडेला साचून गडद होतो, आणि एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत सारखा नसतो. लंडनचं कर्टिसचं वनस्पती मासिक १७८७ ला सुरू झालं आणि १९४८ पर्यंत त्यातली चित्रं हाताने रंगवली जात होती. म्हणजे हाताचा रंग दिसला की लगेच ‘अठरावं शतक’ असं समजू नका. उलट, ठिपके दिसले की लगेच ‘नवीन’ असंही नाही. फुलांचे प्रसिद्ध चित्रकार पिएर-जोसेफ रदूते यांच्या चित्रांत तांब्यावरच टिंबांनी छटा कोरलेली असते. ती टिंबं पाकळीच्या वळणाबरोबर वळतात, ऑफसेटची टिंबं कशाचीच पर्वा न करता ठरावीक अंतरावर उभी असतात.

आता कागद. उजेडासमोर धरा. सुमारे २५ मिलिमीटर अंतराने उभ्या रेघा आणि त्यांच्यात बारीक आडव्या रेघा दिसल्या तर तो जाळीवरचा जुन्या पद्धतीचा कागद. सपाट, विणीच्या कापडासारखा दिसणारा कागद इंग्लंडमध्ये १७५७ च्या सुमारास आला. जलचिन्हात वर्ष असेल तर उत्तम, १७९४ नंतर इंग्लिश कागदावर वर्ष घालायची रीत पडली. पण ते वर्ष ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतं. पाच-दहा वर्षं गोदामात पडून राहिलेला कागद छापखान्यात सर्रास वापरला जाई. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च मिळतो, तो अंधाऱ्या खोलीत कागदावर मारा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती १९५० च्या आसपासपासूनच्या कागदात येतात. एवढी एक चाचणी निम्मे नकली छापे बाजूला काढते. जुन्या स्टॅम्पपेपरवर किंवा वहीच्या पिवळ्या पानांवर आजकाल काढलेली झाडंफुलं मात्र या टॉर्चला चकवतात, कारण कागद खरोखर जुना असतो. तिथे रंग बघा. जुन्या कागदाच्या घडीवरून, डागावरून, भोकावरून रंग गेला असेल, तर चित्र डागानंतरचं आहे.

आणखी एक गंमत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला चांगला कागद जुन्या चिंध्यांचा होता, म्हणजे लिननचा आणि सुताचा. जवसाचं चित्र बऱ्याचदा जवसावरच छापलेलं आहे! याचा व्यवहारातला अर्थ असा की १७९० चा छापा आजही लवचीक आणि पांढरट असू शकतो, आणि १८९० चा लाकडाच्या लगद्याचा छापा तपकिरी, कडेला तुटणारा असू शकतो. जास्त पिवळं म्हणजे जास्त जुनं, हा हिशेब चुकीचा आहे.

आता झाड. कापसापासून सुरू करू, कारण गोंधळ तिथेच सगळ्यात मोठा. ‘गॉसिपियम हर्बेशियम’ हे नाव जुन्या पुस्तकांत कुठल्याही कापसाखाली घातलेलं असतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हर्बेशियम, आर्बोरियम आणि बार्बाडेन्स ही नावं दिली, हिर्सुटम १७६३ मध्ये आलं. मधल्या आणि नंतरच्या काळात प्रत्येकाने आपापली नावं काढली: इंडिकम, रिलिजिओसम, पेरुव्हियानम, ऑब्ट्युसिफोलियम. १८६६ मध्ये फ्लॉरेन्सला फिलिप्पो पार्लातोरे यांनी आणि १९०७ मध्ये लंडनला जॉर्ज वॉट यांनी चित्रांसह कापसाच्या जाती मांडल्या, त्यांचीही एकमेकांशी सगळीकडे जुळणी होत नाही. म्हणून नाव सोडा, पाते बघा. शेतकरी ज्याला पाते म्हणतो, त्या कळीभोवतीची तीन हिरवी दलं हीच ओळखीची किल्ली आहे.

ही दलं लांबीपेक्षा रुंद असतील, बोंडापासून बाहेर फाकलेली असतील आणि कडेला सहा ते आठ तिकोनी दात असतील, तर हर्बेशियम. पानाची खाच निम्म्याच्या आत थांबते आणि खंड गोलसर असतात. दलं रुंदीपेक्षा लांब, बोंडाला घट्ट लपेटलेली, कड जवळजवळ अखंड किंवा टोकाला तीन-चार छोटे दात, पान हाताच्या बोटांसारखं खोल चिरलेलं, ही आर्बोरियमची खूण. आपल्या विदर्भ-खानदेशातली जुनी देशी कपाशी हीच, आणि देवळाच्या आवारात वातींसाठी लावलेला लाल फुलांचा देवकापूसही बहुधा हाच. दात लांब, सुतासारखे निमुळते असतील तर तुम्ही अमेरिकेत पोचलात. पान मोठं, तीन खंडांचं, खाच उथळ, फूल साईच्या रंगाचं आणि आत डाग नाही, बोंड गुळगुळीत व चार-पाच कप्प्यांचं असेल तर हिर्सुटम. आजची बहुतेक बीटी कपाशी या जातीची. पान खोल चिरलेलं, फूल गर्द पिवळं, पाकळीच्या बुडाशी तांबडा डाग, बोंड निमुळतं, त्यावर ग्रंथींचे खड्डे आणि बहुधा तीनच कप्पे असतील तर बार्बाडेन्स. त्याच्याच एका प्रकारात एका कप्प्यातल्या सरक्या एकमेकींना चिकटून मूत्रपिंडासारखा गोळा होतो. चित्रकारांना तो फार आवडे, चित्राच्या कोपऱ्यात वेगळा काढलेला सापडतो.

एकाच फांदीवर पांढरं आणि गुलाबी अशी दोन्ही फुलं दिसली तर ती चूक समजू नका. कपाशीचं फूल उमलल्याच्या दुसऱ्या दिवशी लालसर होतं, चांगला चित्रकार दोन्ही दिवस एकाच फांदीवर दाखवतो. पानांवर आणि बोंडावर काळे ठिपके असतील तर तेही घाण नाही, त्या तेलग्रंथी आहेत. अर्धवट मिटलेलं बोंडही चूक नाही, गुजरातच्या वागड कापसात बोंड पुरतं उघडतच नाही. खरी चूक वेगळी असते: पान एका जातीचं, बोंड दुसऱ्या जातीचं. युरोपातल्या काचघरात कपाशी लांबुडकी वाढे, फूल येई, पण बोंड पिकत नसे. मग चित्रकार बोंड दुसऱ्या पुस्तकातून किंवा वाळलेल्या नमुन्यातून उचलून जोडत असे. फांदी बारीक, पानं विरळ आणि बोंड मात्र टपोरं फुटलेलं, असं चित्र असलं की हा संशय घ्या.

कोरीव चित्रावरून चोरून केलेली प्रत ओळखायची सोपी खूण म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल. नकलाकार छापलेलं चित्र तसंच तांब्यावर कोरायचा, आणि छापल्यावर ते आरशातल्यासारखं उलटं यायचं. मूळ पुस्तकाची स्कॅन प्रत आंतरजालावर बघा, तुमची फांदी उलट्या बाजूला झुकलेली असेल तर तुमच्याकडे नक्कल आहे. नक्कलही दोनशे वर्षं जुनी असू शकते, फक्त किंमत वेगळी.

कोकणातून विचारलं आहे म्हणून एक खास खूण सांगतो. चित्रात झाडाचं नाव लॅटिन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत कोरलेलं असेल, तर ते ‘होर्तुस मलाबारिकुस’मधलं आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हेडे याने करवून घेतलेले हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. नागरीतली नावं कोकणी आहेत. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी या कामात माहिती पुरवली आणि तसं लेखी प्रमाणपत्रही दिलं. पहिल्या खंडात ‘कुडु-परित्ती’ नावाने देशी कापूस आहे, तिसऱ्यात काटेसावर. मूळ चित्र बहुधा दोन पानांवर पसरलेलं असे, त्यामुळे मधोमध उभी घडी सहसा असते. घडी नसलेलं, मासिकाच्या पानाएवढं, गुळगुळीत कागदावरचं चित्र म्हणजे नंतरच्या आवृत्तीचं किंवा प्रतिकृतीचं पान. आणि मूळ चित्रं काळ्या शाईत छापली होती, रंग कोणीतरी मागाहून भरलेला असतो.

जवस, म्हणजे तुमचं ‘लायनम’, पटकन आटोपतं. पाच निळ्या पाकळ्या, अरुंद देठविरहित पानं, गोल बोंडी आणि तिच्यात जास्तीत जास्त दहा बिया. बघायचं ते खोड. खालपासून सरळ, फक्त शेंड्याला फुटलेलं असेल तर ते लिननच्या धाग्यासाठीचं युरोपीय पीक, दाट पेरल्यामुळे त्याला खाली फांद्या येत नाहीत. बुंध्यापासूनच झुडपासारखं फुटलेलं असेल तर ते आपल्याकडचं तेलाचं जवस. जात एकच, पण विकणारा ‘लिननचं झाड’ म्हणून दुसऱ्याचे पैसे पहिल्यासारखे घेतो. एकाच मुळातून अनेक खोडं आणि फुलं जास्त मोठी असतील तर ते बागेतलं बहुवर्षायू जवस असण्याची शक्यता आहे, त्याचं कापड होत नाही.

तागाच्या बाबतीत विकणाऱ्याला सगळा दोष देता येत नाही. मराठीत ताग दोन झाडांना म्हणतात. शेतात हिरवळीच्या खतासाठी गाडतात तो ताग, म्हणजेच बोरू, तो क्रोटालेरिया जुन्सिया: वाटाण्यासारखं पिवळं फूल, फुगीर शेंग, साधं लांबट पान. गोणपाटाचा ताग म्हणजे ज्यूट, तो कॉर्कोरस: लहान पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, दातेरी पान, आणि पानाच्या बुडाशी दोन केसासारखी शेपटं. ती शेपटं दिसली की ज्यूट, वाद संपला. फळ गोल सुरकुतलेलं तर कॅप्सुलॅरिस, लांब शेंगेसारखं तर ऑलिटोरियस. अंबाडीही यांच्यात मिसळली जाते. हिबिस्कस कॅनाबिनसला खालची पानं अखंड आणि वरची भांगेसारखी चिरलेली येतात, म्हणून तिचं चित्र दोन झाडं जोडल्यासारखं वाटतं, पण ते बरोबर असतं. तुमच्या तिसऱ्या चित्रात वाटाण्यासारखं फूल असेल तर खालचं नाव खरं आणि दुकानदाराचं ज्यूट चूक.

भांगेच्या चित्रात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. लिनियसच्या आधीच्या पुस्तकांत बी धरणाऱ्या धिप्पाड झाडाला ‘नर’ आणि परागाच्या किरकोळ झाडाला ‘मादी’ म्हटलेलं सापडतं. फुलांतलं लिंग रुडॉल्फ कामेरारियस यांनी १६९४ मध्ये प्रयोगाने दाखवलं, त्याआधी अंगकाठी बघून नाव ठेवत. बियांच्या झाडाखाली ‘मास’ (लॅटिनमध्ये नर) लिहिलेलं असेल तर ती छपाईची चूक नव्हे, काळ ठरवायला मदतच आहे.

रंगाबद्दल दोन गोष्टी. पानं निळी दिसत असतील तर चित्रकार चुकला नाही. हिरवा रंग निळ्यात पिवळा मिसळून केलेला होता, उजेडाने पिवळा उडाला आणि निळा उरला. असं चित्र वर्षानुवर्षं भिंतीवर होतं, हे नक्की. दुसरं, चित्र उलटं करा. पानांच्या मागे कागद तपकिरी पडला असेल तर हिरवा रंग तांब्याच्या क्षाराचा आहे आणि तो कागद खातोय. पुढे तिथे चिरा पडून पानाच्या आकाराचं भोक होतं. हे घरी थांबवता येत नाही. दमट हवेत ते वेगाने वाढतं, म्हणून असं चित्र भिंतीवर नकोच, ते कागद-संवर्धकाकडे न्या.

बाकीच्यांसाठी, कोकणातला पावसाळा धरून. हाताने रंगवलेल्या चित्रावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, म्हणजे पुस्तक वाचायला कमी पडेल इतकाच. पश्चिमेची आणि पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा, आतली निवडा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम. ६५ च्या वर सलग गेली की बुरशी धरते. घरातला आर्द्रतामापक स्वस्त असतो, फ्रेमच्या मागेच टांगा, खोलीच्या मधे नको. भिंतीच्या मागची हवा खोलीपेक्षा ओली असते आणि डाग तिथूनच येतात. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून १०-१५ मिलिमीटरचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल.

काच चित्राला टेकता कामा नये. टेकली की ओलावा मधे अडकतो आणि रंग काचेला चिकटतो. मधे आम्लरहित कापसाच्या लगद्याचा पुठ्ठा खिडकी कापून ठेवा, जाडी किमान दीड मिलिमीटर. फ्रेमवाले मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा घालतात, दोन्हींतलं आम्ल आठ-दहा वर्षांत चित्रावर तपकिरी पट्टे उठवतं. मागेही तोच आम्लरहित पुठ्ठा मागा, प्लाय हवाच असेल तर त्याच्याही मागे.

चित्र पुठ्ठ्यावर चिकटवायचं नाही, टांगायचं. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, दोन बाजूंची टेप यांतलं काहीही नको. पातळ जपानी कोझो कागदाच्या दोन ते तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या हाताने फाडून घ्या, कात्रीने कापू नका, कापलेली कड चित्रावर उठते. गव्हाच्या स्टार्चची खळ करा: एक वाटी स्टार्च, चार-पाच वाट्या पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर वीस-तीस मिनिटं सतत ढवळत शिजवा, गार झाल्यावर गाळणीतून दाबून काढा. मैदा नको, त्यातलं ग्लुटेन कसरीला बोलावतं. पट्टीच्या अर्ध्या सेंटिमीटरलाच, अगदी ओली न करता खळ लावा, चित्राच्या मागच्या वरच्या कडेला दोन ठिकाणी बसवा, वर टिपकागद आणि वजन ठेवून किमान अर्धा तास थांबा. खालची कड मोकळी सोडा. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, चारही बाजू पकडल्या तर तो लाटा धरतो किंवा फाटतो.

तपकिरी ठिपक्यांवर ब्लीच, लिंबू, हायड्रोजन पेरॉक्साइड असलं काही लावू नका. ठिपका फिका होईल, पण कागद ठिसूळ होईल आणि हाताने भरलेला रंग पाण्यातच वाहून जाईल. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, एवढं पुरे. कसर किंवा पुस्तककिडा दिसला तर चित्र फ्रेममधून काढून दोन पुठ्ठ्यांत ठेवा, हवा काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ चित्रावरच गोठेल.

तुमच्या जागी मी असतो तर भिंतीवर प्रत लावली असती आणि अस्सल चित्रं आम्लरहित पाकिटात, रंगवलेल्या स्टीलच्या कपाटात, सपाट ठेवली असती. ए-४ पर्यंतचं चित्र साध्या स्कॅनरवर होतं. मोठं असेल तर दोन बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून फोटो घ्या. ए-३ आकाराच्या छाप्याला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. छापणाऱ्याला शंभर टक्के सुती कागद मागा. फोटो घेताना शेजारी रंगपट्टी ठेवा, नाहीतर छापणारा ‘जुनं दिसावं’ म्हणून पिवळा चढवतो आणि हिर्सुटमचं फूल बार्बाडेन्सचं होऊन बसतं.